हाँगकाँगचा जवाब

मंगळवारपासून डोक्यात तेच.
सावद्याच्या शिवारात बाग कापणं चालू आहे,
घड येतो, काट्याला लटकतो,
मी आकडा सांगतो, एकोणीस सातशे,
आणि आकड्याचं शेपूट धरून ती येते,
सर्दी झाल्यासारख्या आवाजाची बाई:
टेलेक्स बाबू, ओ टेलेक्स बाबू,
कागज खतम हो गया.

आता सांगा, टेलेक्स!
ते यंत्र मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
आमच्या गल्लीत तेव्हा फोन एकच,
तोही कुलूप घातलेला.

कॅसेट भुसावळ स्टेशनबाहेर घेतली, बारा रुपयांत.
कव्हरावर भजनं, आत ही.
दिगंबर फेगडे म्हणाला, परत कर.
मग त्याच्याच टू-इन-वनवर आम्ही ती इतकी वाजवली
की एकदा त्याची आई भाकरी थापता थापता उठून आली,
बंद कर रे बा ते, म्हणाली,
आणि पिठाच्या बोटानं बटण दाबलं.
ते बटण शेवटपर्यंत पांढरट राहिलं.

दुसऱ्या कडव्यात ती म्हणते,
हाँगकाँग से जवाब आया,
जवाब आया कि –
आणि तिथं फीत गुंतली.
पेन्सिलीनं गुंडाळली, रुमालाखाली धरून इस्त्री फिरवली,
तरी त्या जागी बाई विहिरीत पडल्यासारखी
ग्वौं करते
आणि थेट शेवटच्या टाळ्यांतच वर येते.
मी गुणगुणतो तेव्हा ते ग्वौंसुद्धा गुणगुणतो.
मुबारक तडवी घड उचलता उचलता विचारतो,
भाऊ, पोटात गडबड?

काल रात्री गच्चीवर पाणी शिंपडून पडलो.
चव्वेचाळीसचा दिवस अजून भिंतींतून निघत होता.
दिगंबर वापीला असतो.
ठिबकच्या एजन्सीच्या हिशेबानंतर
सोळा वर्षं आम्ही एकमेकांच्या लग्नकार्यात जेवलो नाही.
नंबर त्याच्या शालकाकडून घेतला.
हॅलो, तो म्हणाला. कोण?
मी नाव सांगितलं नाही. पहिलं कडवं म्हटलं.

पलीकडे आधी पंखा ऐकू आला.
मग खोकला.
मग जाड झालेल्या आवाजात, सावकाश,
हाँगकाँग से जवाब आया,
जवाब आया कि –
ग्वौं.

तिथंच. तेवढंच.
म्हणाला, डेक चांगला होता माझा, तुझी कॅसेटच भिकार.
मी म्हणालो, डेकनं खाल्ली ती.
आणखी कोणी काय काय खाल्लं
तेही दोघांच्या जिभेवर आलं असणार.
त्यानं विचारलं, केळीला भाव काय?
मी सांगितला.
बरा आहे, म्हणाला.
फोन कोणी ठेवला ते आठवत नाही.

आज डोकं रिकामं व्हायला हवं होतं.
बावीस शंभर. अठरा पाचशे.
दिल्लीचा ट्रक अर्धा भरलाय, ड्रायव्हर खाली सावलीत झोपलाय,
आणि ते ग्वौं आता दोघांच्या आवाजात होतं,
एक जरा मागे, वापीचा.
घड काट्यावर हलतोय.
भाऊ, मुबारक म्हणतो,
आकडा?