तीन कमी

दुपारी एक ते चार क्लिनिक बंद असतं.
सोहारच्या रस्त्यावर त्या वेळी फक्त ऊन हिंडतं.
म्हणून बैठक तेव्हाच.
डॉक्टर मोघे, सिस्टर लीलाम्मा, लॅबमधला इर्शाद,
फार्मसीचा बिजॉय, मी,
आणि मस्कतहून आलेला हिशाम, लॅपटॉप उघडून.

"मायग्रेशन," तो म्हणाला,
आणि आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं,
जणू कुणी पासपोर्ट मागितला.
डेटाचं, तो घाईनं म्हणाला. डेटाचं.

तारीख ठरली. गुरुवार, रात्री दहा.
शुक्रवार संध्याकाळचे पेशंट कागदावर.
लीलाम्मानं विचारलं, कागद कुठाय?
खरंच, कागद कुठाय?
यादीत लिहिलं: कागद, दोन रिमं.
त्याखाली: पेनं.

जुनी सिस्टीम सतरा वर्षांची.
हिरवट पडदा. एफ सात म्हणजे जतन.
एफ नऊ दाबायचं नाही, का ते कुणालाच ठाऊक नाही.
माझी करंगळी झोपेतही एफ सातवर जाते.

नव्यात जन्मतारीख सक्तीची.
आमचे निम्मे म्हातारे एक जानेवारीला जन्मलेत,
डोंगरात, होडीत, बलुचिस्तानात, सगळे एकाच दिवशी.
हिशाम म्हणतो, ही चूक आहे.
मी म्हणते, त्यांच्या आयांना तारीख विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

मोहम्मद युसूफ अठ्ठेचाळीस आहेत.
त्यातले तीन म्हणजे एकच प्लंबर, तीन मालक, तीन कार्डं.
साखर कुणाला, ते मला चेहऱ्यावरून कळतं.
चेहऱ्याचा रकाना आहे का,
विचारलं नाही.

आणि 'इतर'.
तिथे डॉक्टर दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी
टंकत आले सतरा वर्षं:
पेनिसिलिन अजिबात नको.
बाईशी बोलायचं असेल तर नवऱ्याला पाणी आणायला धाडा.
झोप नाही म्हणतो. गोळी देऊ नये, ऐकून घ्यावं.
नव्यात 'इतर' नाही.
हिशामच्या यंत्रानं शेरा मारला:
'झोप नाही' हे औषध यादीत सापडत नाही.
बिजॉय इतका हसला की त्याला ठसका लागला.

मंगळवारी रंगीत तालीम.
इकडून चौदा हजार दोनशे बारा निघाले,
तिकडे चौदा हजार दोनशे नऊ पोचले.
तीनच ना, मोघे म्हणाले,
आणि मग स्वतःच गप्प झाले.

पहिला डिसोझा, नावातल्या अपॉस्ट्रॉफीला अडकलेला.
दुसरं एक बाळ, नाव ठेवण्याआधीच आलेलं,
नुसतं 'शहनाझचं बाळ'. त्याला आता मिसरूड फुटलंय.
तिसरी, क्रमांक एक. टेस्ट पेशंट.
"खोटी आहे," हिशाम म्हणाला, "गाळली."

खोटी नाही. ती मी.
पहिल्या दिवशी सिस्टीम चालते का बघायला
डॉक्टरांनी माझंच बोट टोचलं होतं.
नाव टेस्ट, आडनाव पेशंट, ताप नाही.
पुढे खरोखरचा ताप आला तेव्हा
नवं कार्ड काढत कोण बसतं?
माझा सतरा वर्षांचा रक्तदाब त्या बाईच्या नावावर.
आणि 'इतर'मध्ये, दोन हजार चौदाच्या जूनमध्ये, एक ओळ:
आई गेल्याचं आज कळलं. रजा नको म्हणते. काम द्यावं.

त्या दिवशी त्यांनी मला
सगळ्या जुन्या फायली अकारविल्हे लावायला सांगितल्या होत्या,
'ह'पर्यंत येता येता रात्र झाली होती,
आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

चार वाजत आले. समोरच्या सलूनचं शटर वर गेलं.
हिचं काय करू, हिशामनं विचारलं.
नाव घाला, डॉक्टर पडद्याकडेच बघत म्हणाले, नाव आहे तिला.
त्यानं घातलं. स्पेलिंग दोनदा विचारलं.
मग, जन्मतारीख?

सांगितली.
टेबलाखाली माझी करंगळी एफ सात शोधत होती.