विनंत्यांचा डबा

बुधवारच्या प्रार्थनासभेत चिठ्ठ्या वाचायचं काम
पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलं, निवृत्त झालो त्या वर्षी.
शांतवनभाऊ, तुमचा आवाज खणखणीत, म्हणाले,
आणि तुम्हांला वाचायची सवय.

सवय होती खरी.
तीस वर्षं महापालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचले.
माझगाव, भायखळा, घोडपदेव.
वाकायचं, झाकण उचलायचं, काचेवरचा चिखल अंगठ्यानं पुसायचा,
आकडा वहीत. पुढचं घर.
पाणी कोण प्यालं, कुणी सांडलं, हे मीटर विचारत नाही.

तशाच चिठ्ठ्या वाचल्या.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एकेक:
रूथच्या मुलीच्या दहावीसाठी,
हिवाळे मास्तरांच्या डायलिसिससाठी,
बदलापूरच्या खोलीचं कर्ज मंजूर व्हावं म्हणून,
आणि एकदा, कुणा पोराची, हरवलेल्या कासवासाठी.
मंडळी आमेन म्हणे. मी पुढची उचली.
डोळे सगळ्यांचे मिटलेले, माझे घड्याळावर.

विश्वास नव्हता असं नाही.
आईनं दिला तसा जपून ठेवला होता,
लग्नातल्या कोटासारखा, डांबरगोळ्या घालून.
नाताळला काढायचा. दरवर्षी जरा घट्ट व्हायचा.
वाढलो तो मी; कोट कुठला वाढतोय.

नामीबाई पारध्यांशी माझं बोलणं नाही.
समोरच्याच चाळीत राहतात, गॅलरीसमोर गॅलरी.
बारा वर्षांपूर्वी त्यांच्या नळाला लावलेली मोटर मी पकडली,
पंचनामा केला, जप्त केली.
तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, नवरा अंथरुणाला खिळलेला,
हे मला ठाऊक होतं. फॉर्मात त्याला रकाना नव्हता.
तेव्हापासून त्या डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडे.
प्रभुभोजनाच्या रांगेतसुद्धा मध्ये दोन माणसं सोडून.

मागच्या बुधवारी एक चिठ्ठी निघाली,
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर, पेन्सिलीनं:
"ज्या भावाच्या खोलीत रात्रभर दिवा जळतो
त्याला झोप लागो. त्याचे गुडघेही दुखतात."
मी वाचली. मंडळी आमेन म्हणाली.
पुढची उचलली, आणि तिथंच थांबलो.

माझे गुडघे दुखतात.
माझ्या खोलीत रात्रभर दिवा असतो,
मार्था गेली तेव्हापासून.

जुन्या चिठ्ठ्या मी फेकत नाही, का कोण जाणे.
घरी पिशवी आहे. रात्री ती जमिनीवर ओतली.
पेन्सिल. पेन्सिल. पाठकोरा मे महिना, पाठकोरा ऑगस्ट.
"बायको गेलेल्या एका भावाला जेवण जावो."
"एका भावाचा खोकला."
"दिवावाल्या भावासाठी, पुन्हा."
एकोणीस निघाल्या.
एकोणीस वेळा माझ्याच खणखणीत आवाजात
मी माझ्यासाठी मागितलं होतं, घड्याळ बघत,
आणि डावीकडून नामीबाई आमेन म्हणाल्या होत्या.

उठून गॅलरीत आलो. समोर अंधार.
अंधारातून कुणी इकडं बघत असेल तर दिसणार नाही, असा.
काय म्हणायचं असतं? माफ करा? मोटरीचे पैसे?
तोंडात काही येईना.
गुडघे टेकायला डॉक्टरांची मनाई.
मग आत गेलो आणि दिवा मालवला.
तेवढंच.
त्यांना वाटो, त्यानं ऐकलं.

झोप अर्थात आली नाही.
उघड्या डोळ्यांनी पडून राहिलो, मागण्यासारखं काही आठवेना.
साडेचारला पाणी सुटलं.
समोर तिसऱ्या मजल्यावर नळ आधी फुसफुसला, खोकला,
मग धार, स्टीलच्या हंड्यात.
तीस वर्षांत पाणी मी कधी ऐकलं नव्हतं.
धार बारीक होती. फारच बारीक.
प्रभू, म्हटलं, जरा जोर दे.
आणि हंड्याचा आवाज भरत भरत वर चढेपर्यंत
कूस बदलली नाही.