भोकाचा पैसा

सोहारच्या सनायात दुपारी शटर अर्धं ओढून
आम्ही डबे उघडलेले,
तेव्हा खल्फान म्हातारा आला
गोणपाटात काहीतरी गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसं.

लेथवर नको, म्हटलं, तिथं कीस आहे.
त्यानं मांडीवरच सोडलं.
बंदूक?
बुंदुकिया, तो म्हणाला.
तेवढ्या उरल्या अक्षरांपुरतं अंतर
आमच्या दोघांत.

छर्‍याची. स्प्रिंगची.
नळी मोडून ताणायची, तसली.
कुठली, ते त्यालाही ठाऊक नाही;
बापानं मत्रहच्या बाजारातून आणलेली.
रॉकेलचा बोळा फिरवत गेलो, गंज सुटत गेला,
आणि नळीच्या मागं एक बाई उमटली:
दोन्ही हातांनी बंदूक डोक्यावर धरलेली,
धनुष्य पायाशी टाकून दिलेलं.
म्हणजे जर्मन.
पोटाखाली बारीक आकडे: आठ, एकसष्ट.
मी जन्मायच्या अकरा वर्षं आधीची.

पिन काढताना स्प्रिंगला विचारून काढावी.
उद्यमनगरात एकाचे पुढचे दोन दात
मी असे गेलेले पाहिलेत.
गुल जानला म्हटलं, रेट.
पेशावरचं सगळं वजन त्यानं घातलं,
मग श्वास सोडावा तसं
हळूहळू सोडलं.

स्प्रिंग दोन जागी तुटलेली.
पिस्टनच्या तोंडचं कातडं पापड.
हे वायसर मी ओळखतो.
गडहिंग्लजकडं बोअरच्या हातपंपात
हेच असायचं, थोडं मोठं;
ते वाळलं की दांडा नुसता वरखाली,
बायका शिव्या घालायच्या, पाणी यायचं नाही.
इथं पाण्याच्या जागी हवा, एवढंच.

आणि मग, नळकांड्याच्या तळातून,
चिकट काळ्या ग्रीसमधून
टेबलावर पडले
तीन भोकाचे पैसे.

चिरे भरायला, ताण वाढवायला
कुणीतरी घातलेले.
तांब्याचे, मधोमध गोल पोकळी,
माझ्या बापाच्या करगोट्याला होता तसले.
पिस्टनच्या दांड्यावर टोचणीनं कोरलेलं,
बोटाला आधी लागलं, डोळ्याला नंतर:
७४.
सात आपला. चारही आपलाच.

कोण होता?
खल्फान डोळे मिटून बसला.
हिंदी. अर्धा रियाल घेतला.
शिट्टी वाजवायचा.
मग घरी गेला.

तीन मिलीची तार लेथवर गुंडाळली, चौतीस वेढे,
टोकं तापवून बसवली.
कातडं म्हातार्‍यानंच दिलं,
मेलेल्या उंटिणीच्या पट्ट्याचं,
देताना पट्ट्याला हुंगून.
एरंडेलात रात्रभर.
सकाळी बोटाखाली ते पुन्हा कातडं झालेलं.

पैसे परत घालायची गरज नव्हती.
नवी स्प्रिंग पुरेशी लांब होती.

त्याच्या खजुरीच्या बागेत, फलजच्या काठावर
ट्यूनाचा डबा ठेवला.
पहिल्या बाराला नुसता धूर, तेल जास्त झालेलं;
म्हातारा खोकला आणि हसला.
मग मला दिली.
मी घट्ट धरली, पाव आकड्यानं चुकलो.
पुन्हा घट्ट, पुन्हा चुकलो.
त्यानं माझा डावा हात उघडला, तळवा वर केला:
धरू नको. हिला आधी मागं जायचंय, मग पुढं.
जाऊ दे.
ती तळव्यावर नुसती ठेवली,
पिल्लू ठेवावं तशी.
धक्का आला, मागं, आणि लगेच पुढं,
आणि पाण्यापलीकडं डबा वाजला.

किती झाले, त्यानं विचारलं.
पाच रियाल, म्हटलं. तो तीनवर आला. चारवर तुटलं.

हे नाही सांगितलं, की पैसे मी आत घातलेत.
दोन.
तिसरा किल्ल्यांच्या कडीत आहे.
त्याच्या जागी पितळेची चकती कातून टाकली,
जाडी तीच, भोक तेच.
आकडा काही कोरला नाही.
टोचणी हातात घेतली होती.