साच्याचं भोक

कौतिकाबाईनं आधी नाहीच म्हटलं.
"भांड्याले भोक पाडू? म्या?
साठ वर्सं भोकं बुजवत आली मी, बाप्पा."
तिच्या हातचं प्रत्येक मडकं
बोटाच्या पेरानं वाजवलेलं, कान लावून ऐकलेलं.
गळकं एकही वरोऱ्याच्या बाजारात गेलं नाही.

नातसून पल्लवी सहा महिने भद्रावतीला शिकून आली.
सांगते, काच वरून बसते, आजी,
खालची हवा जाईल कुठं?
भोक नसलं तर फुगते, पुरीसारखी.
एकदा फुगलीच.
कौतिकाबाईनं ती पुरी उलटसुलट पाहिली,
बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवशी सायकलची तार घेऊन
ओल्या साच्याच्या बुडाला टोचली,
डोळे मिटून.

मग भाजणं. मग पांढऱ्या मातीचा पातळ हात,
चार वेळा, उभा-आडवा,
नाहीतर काच साच्याला धरून बसते
आणि सोडवायला गेलं की दोघंही जातात.
(इथं कौतिकाबाई हसली. कुणाला आठवून, ते सांगितलं नाही.)

काच हिंगणघाटची,
बंद पडलेल्या जिनिंगच्या हापिसातली,
इस्राईल भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेली.
कडेला हिरवी, कोपऱ्यात ऑइलपेंटचा एक ठिपका
ब्लेडनं खरवडूनही न गेलेला.

थ्री फेज रात्री बारानंतर येते.
पल्लवी आकडा वाचते: सहाशे ऐंशी. सातशे.
कौतिकाबाई छिद्रातून डोकावते.
"भिवापुरी मिरची दुसऱ्या उन्हाले दिसते ना,
तेवढी लाल झाली. पाह्य आता."
आणि काच वाकते.
ना ओतलेली, ना ठोकलेली.
झोप अनावर झालेलं पोर
बसल्या जागी मांडीत कलंडतं, तशी.

सकाळी उघडायचं नाही.
दुपारीही नाही.
घाईचा वारा लागला की आतल्या आत तडा,
तो कधी आठ दिवसांनी बोलतो.
कौतिकाबाई भट्टीशेजारी तूर निवडत बसली.
मधूनच झाकणाला हात लावायची: "अजून नाई."

दिवस कलता वाटी निघाली.
थोडी आकसून तिनं साचा आपणहून सोडला होता.
बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा,
भोक होतं तिथं.
"घासून काढू," पल्लवी म्हणाली.
म्हातारीनं ऐकलं नाही.
सवयीनं वाटीत पाणी ओतलं, थांबली,
खालून बोट फिरवलं.
"गयत नाई."

मग रिकामा साचा उचलून
त्याच्या भोकाला एक डोळा लावला
आणि बराच वेळ
मावळतीकडे पाहत राहिली.