स्लो

आठशे चाळीस चाचण्या अकरा सेकंदांत हिरव्या होतात.
उरते एक. तिला एकोणीस मिनिटं लागतात.

खैरनारनं लिहिलेली. पिंपळगावच्या पॅकहाउसमधून
द्राक्षांचा कंटेनर निघतो, तो रॉटरडॅमला लागेपर्यंत
तासातासाचं तापमान टिपत बसते.
एका रात्री वीज घालवते, मुद्दाम.
मार्चअखेर तिकडचं घड्याळ तासभर पुढे उडी मारतं,
तर त्या न घडलेल्या तासाचंही
तापमान मागते.

असली चिकाटी कुणाला परवडते?
गुरुवारी क्लायंट, शुक्रवारी रिलीज.
मी तिच्या डोक्यावर एक शब्द चिकटवला
आणि रोजच्या फेरीतून तिला उठवलं.
आता शेवटच्या ओळीत येतं : एक वगळली.
पिवळ्या अक्षरांत. आठवडाभर दिसतं,
मग दिसेनासं होतं.

मखमलाबादच्या शाळेत वृषाली गायधनी होती.
घंटा झाली तरी पेपर सोडायची नाही,
शेवटच्या ओळीवर फुंकर मारत बसायची
शाई वाळेपर्यंत.
म्हणून गठ्ठ्यात तिचाच पेपर सगळ्यात वर.
तिला मार्क किती पडायचे?
मी कधी विचारलं नाही.

आणि हे कुठल्या तिकिटात लिहिलेलं नाही,
पण त्या एकोणीस मिनिटांत आम्ही खाली उतरायचो
गरवारे पॉइंटच्या टपरीवर.
कुणी फोन केला तर, "चालू आहे", एवढंच.
कोठावदेच्या बहिणीचं लग्न तिथं मोडलं
आणि तिथंच, दोन रिलीजनंतर, पुन्हा जमलं.
पुण्याला चाललोय, हे खैरनारनं तिथंच सांगितलं
हातातला ग्लास खाली न ठेवता.
आता चालू काही नसतंच.
विचारायच्या आत सगळं झालेलं असतं.

काल रात्री नऊनंतर
तो शब्द पुसला आणि तिला सोडली.
सवयीनं खाली गेले. टपरीवर ताडपत्री.
भिंतीपलीकडे लेथची रात्रपाळी,
कूलंटचा वास अंबडभर.
वर आले तेव्हा कंटेनर सुवेझच्या अलीकडे कुठंतरी,
स्क्रीनवर काही नाही, नुसता कर्सर
उघडमीट करतोय.

वॉचमन एकेक दिवा मालवत माझ्या टेबलापाशी आले.
"मॅडम, अजून किती?"

म्हटलं, थांबा जरा,
मार्चअखेर यायचाय अजून.