मंगळवारची हवा

वारा नैर्ऋत्येचा असेल तरच मी पेटी उचलते.
पूर्वेचा असेल तर नाही. पूर्वेला गाव आहे,
फ्लॅहर्टींच्या गाई, शाळेचा बॉयलर,
आणि माझं स्वतःचं धुराडं.
ती हवा मोजायची नाही,
पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यांनी.

टोकाच्या खडकावर पेटी ठेवायची.
काचेच्या दोन बाटल्या, पंप, उंच नळी.
मग दूर जाऊन छातीभर श्वास घ्यायचा,
धरून ठेवायचा,
तसंच यायचं, खटका दाबायचा,
आणि वारा पाठीवर घेत
पंधरा पावलं निघून जायचं.
बाटलीत अटलांटिक यायला हवा.
सोर्खा यायला नको.

चौतीस वर्षं झाली.
पहिला आकडा पोस्टानं आला: दहा लाखांत तीनशे छप्पन.
मी म्हटलं, एवढंसं?
बादलीभर दुधात चमचाभर काहीतरी.
ऑगस्टात तो उतरतो, उत्तरेकडची सगळी पानं
पिऊन घेतात त्याला.
हिवाळ्यात पुन्हा चढतो,
आणि बसताना मागच्या वर्षीपेक्षा
एक पायरी वर बसतो,
लग्नघरातल्या मानकऱ्यासारखा.

घरी वडील. कोलमन. शेगडीपुढे.
मे महिन्यात दलदलीत उतरून
लांब पात्याच्या कुदळीनं ते टर्फ कापायचे,
काळी, ओली, लोण्यासारखी.
मी आणि भाऊ विटा उचलून
पाच-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करायचो, वाळायला.
ते शेवाळ हिरवं होतं पाच हजार वर्षांपूर्वी.
तेव्हा घेतलेला श्वास
त्यानं अजून सोडला नव्हता.
आम्ही तो रोज संध्याकाळी सोडवायचो,
चहापुरता.

"बाटलीत काय नेतेस?"
"वारा."
"पैसे देतात?"
"देतात."
"मग ने."

एकदा मात्र विचारलं त्यांनी,
"आपला धूर जातो कुठे गं?"
पूर्वेला, मी म्हटलं. डब्लिनवरून पुढे,
पोलंडच्या कोळशावरून, सायबेरियावरून,
सिमेंटच्या भट्ट्यांचं, ट्रकांचं, विमानांचं, जाळलेल्या रानांचं
थोडं थोडं अंगावर घेत
काही आठवड्यांत वळसा पुरा करतो.
आणि नैर्ऋत्येकडून आपल्या खडकावर येतो तेव्हा
आम्ही त्याला स्वच्छ हवा म्हणतो.

ते हसले. खोकले. निखारा उकरला.
"म्हणजे मोजतेसच की."

नव्याण्णवच्या नोव्हेंबरात, सोमवारी रात्री, ते गेले.
मंगळवारी वारा नेमका हवा तसा होता.
घरात माणसं, सॅण्डविचेस, कुजबुज.
मी पेटी घेऊन निघाले,
कुणी अडवलं नाही.
श्वास घेतला. धरला. खटका दाबला.
आणि पंधरा पावलं जायचं राहूनच गेलं.
तिथंच उभी राहिले, नळीखाली,
आणि धरलेलं सगळं
एकदम सुटलं.

महिन्याभरानं चिठ्ठी आली.
तीनशे एकोणसत्तरच्या आसपास हवं होतं,
आलंय चारशे सव्वीस.
नमुना दूषित, वगळला आहे.
पुढच्या वेळी काळजी घ्यावी.
आलेखात त्या आठवड्याची जागा रिकामी आहे.
तिथं काय आहे
ते मला एकटीला ठाऊक.

आता पोस्ट नाही, ईमेल येतो.
भाऊ लिमरिकला, त्याच्याकडे हीट पंप आहे.
माझ्या परसात टर्फची शेवटची रास उरली आहे,
ताडपत्रीखाली. तिला हात लावत नाही,
म्हणजे, नाताळात लावते.

मार्चमधल्या एका मंगळवारचा आकडा परवा आला.
वारा नैर्ऋत्येचा, स्वच्छ, ताशी चाळीस किलोमीटर.
श्वास मी नीट धरला होता, पावलं मोजून पंधरा.
दोन्ही बाटल्या जुळल्या.

चारशे सव्वीस.

कुणी तो खोडला नाही.