आधीचा रकाना

रजिस्टरला दोन रकाने.
आधी काय वापरत होता,
नंतर काय वापरणार.
मधली उभी रेघ मीच ओढते पट्टीने
दर महिन्याच्या एक तारखेला.

भांडुपचं सूतिकागृह, दुसरा मजला, खोली सात.
आधीच्या रकान्यात मी बहुतेकदा लिहिते: काही नाही.
दिवसातून सहा-सात वेळा.
खरं तर काहीतरी असतंच.
दूधवाल्याच्या कॅलेंडरवर
त्याचे खाडे आणि हिचे दिवस
एकाच पेनाने मांडलेले असतात.
'हे सांभाळतात' असतं.
बाळ अजून अंगावर पितंय, असतं.
खोटे उपास असतात, धाकटीला
दोघांच्या मध्ये झोपवणं असतं,
ती झोपेत लाथा मारते म्हणून.
याला कोड नाही.

प्रमिला डोईफोडे. एकतीस. हनुमान टेकडी.
इमिटेशनच्या डुलांना खडे चिकटवते,
बोटांचे ठसे डिंकाने खाल्लेत,
रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
नवऱ्याची सही कुठे घ्यायची, तिने विचारलं.
नको, म्हटलं, तुमचीच पुरते.
सवयीने अंगठा पुढे केला तिने,
मग स्वतःशीच हसून
पूर्ण नाव लिहिलं, हळूहळू,
माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर गिरवून खोडलं.

आधी काय वापरत होता?
'आधी म्हणजे कधीच्या आधी?'
लग्नाच्या, की स्नेहलच्या,
की गेल्या मंगळवारच्या?

माला घेत होती. सात महिने, एक दिवस न चुकवता.
दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं,
पाकीट तांदळाच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घालून पुरलेलं.
रोज रात्री तांदूळ निवडायला बसायची,
घरात सगळे म्हणायचे, फार टापटिपीची.
गणपतीत पाहुणे आले, डबा उपसला गेला,
आणि पाकीट नव्हतं.
आता सांगा ताई,
जी वस्तू घरात कधी नव्हतीच
ती हरवली, हे कुणाला विचारायचं?
महिना असाच गेला.
दवाखान्यात येऊन दुसरं मागायचं तर
सुट्टी कशासाठी, हे कारखान्यात सांगायला लागतं.

मी ट्रे पुढे ओढला.
तांबी, छाया, अंतरा, माला.
शाळेच्या हजेरीपटावरच्या मुली वाटतात.
बाप्यांच्या साधनाचं नाव तेवढं निरोध,
नोटिशीसारखं. त्याचा खोका भरलेला असतो.
तांबी तिने तळहातावर घेऊन पाहिली,
डुलाच्या आकड्यासारखी धरली उजेडात,
परत ठेवली.
'घरात ठेवावं लागत नाही, ते द्या.'

अंतरा. दंडात. तीन महिन्यांनी पुन्हा.
चोळू नका, म्हटलं.
कार्ड दिलं तर म्हणाली, हे कुठे ठेवू?
तारीख तोंडपाठ केली,
दोनदा म्हणून दाखवली, पाढ्यासारखी.
कार्ड माझ्या खणात टाकलं.
खणात अशी त्रेचाळीस आहेत. किल्ली मंगळसूत्राला.

त्याच तारखेला आली, पावणेदहाला.
बाही वर करता करता म्हणाली,
पाकीट सापडलं.
रेशनकार्डाच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये,
वर वर्तमानपत्राची घडी, रबरबँड.
ओल लागू नये म्हणून ठेवतात तसं.
पांढऱ्यातल्या अकरा शिल्लक, तांबड्या सगळ्या.
ती पिशवी सासूबाई हाताळतात.
त्यांना वाचता येत नाही.
'की येतं, कोण जाणे.'
तिने विचारलं नाही. त्या बोलल्या नाहीत.
त्या रात्री त्यांनी तिच्या ताटात
मऊ भात वाढला, आणि वर तूप.

मी जुनं पान काढलं.
आधीच्या रकान्यात 'माला' होतंच.
समासात, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरात लिहिलं:
तांदळाच्या डब्यात.
महिनाअखेरीला आकडे वर जातात.
समास इथेच राहतो.